पकडलेल्या जिवाचं रक्त

१३ ऑक्टोबर २०२२ रोजी गडचिरोलीतल्या वडसा वन विभागात सीटी-१ नावाने ओळखला जाणारा वाघ बेशुद्ध करून पिंजऱ्यात घेतला गेला. गडचिरोली, भंडारा आणि चंद्रपूर या तीन जिल्ह्यांत मिळून १३ माणसं त्याच्या हल्ल्यांत गेली होती. शेतात जायला माणसं धजत नव्हती, मोहफुलाचा हंगाम भीतीत गेला होता. ‘नरभक्षक वाघ जेरबंद’ अशा मथळ्यांनी दुसऱ्या दिवशीची वर्तमानपत्रं भरली आणि बातमी तिथे संपली.

पशुवैद्यकाचं काम मात्र तिथून पुढे असतं. वाघ आडवा पडला की डोळ्यांवर पट्टी, कानात कापूस, मग ताप, श्वास, नाडी. शक्य असेल तर शेपटीच्या किंवा पायाच्या शिरेतून रक्त. त्या रक्तावरून जनावर निरोगी आहे का, त्याची प्रतिकारशक्ती कशी आहे, त्याला दुसऱ्या जंगलात सोडता येईल का, हे ठरवायचं असतं. अडचण एवढीच की ते रक्त रानात मोकळ्या फिरणाऱ्या वाघाचं राहिलेलं नसतं. ते पकडलेल्या वाघाचं असतं, आणि या दोन रक्तांत फरक आहे.

हा फरक किती आणि तो कधी सुरू होतो, याचा अभ्यास आधी पक्ष्यांवर जास्त झाला. पक्षी हातात आला की त्याचा मेंदू धोक्याची आज्ञा सोडतो. अॅड्रेनॅलिन काही सेकंदांत उसळतं. त्यामागून मूत्रपिंडाजवळच्या ग्रंथी कॉर्टिकोस्टेरॉन नावाचं संप्रेरक रक्तात सोडू लागतात. माणसात आणि वाघात हेच काम कॉर्टिसॉल करतं. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठातले मायकल रोमेरो आणि मायकल रीड यांनी २००५ मध्ये सहा जातींच्या आकड्यांवरून दाखवलं की पकडल्यापासून दोन मिनिटांच्या आत घेतलेलं रक्तच खात्रीने पक्ष्याची मूळ स्थिती सांगतं. तिसऱ्या मिनिटापर्यंतचं बहुतेक वेळा चालतं. त्यानंतर नळीत जे येतं त्यात माणसाची पकड मिसळलेली असते.

संप्रेरकामागोमाग पांढऱ्या पेशी हलतात. लिम्फोसाइट रक्त सोडून शरीराच्या इतर भागांत जातात, आणि जंतूंवर पहिल्यांदा तुटून पडणाऱ्या हेटेरोफिल पेशींचं प्रमाण चढतं. या दोहोंचं गुणोत्तर हे ताणाचं माप म्हणून वापरता येतं, हे ग्रॉस आणि सीगल यांनी १९८३ मध्ये कोंबड्यांवर दाखवलं, आणि आज जगभर रानपक्ष्यांच्या अभ्यासात ते वापरलं जातं. पुढे केविन मॅटसन आणि सहकाऱ्यांनी पाच उष्णकटिबंधीय जातींचे पक्षी पकडून त्यांच्या रक्ताची जंतू मारण्याची ताकद तपासली. रीत सोपी आहे. रक्तात ठराविक जिवाणू मिसळायचे, ते बशीत वाढू द्यायचे आणि किती वसाहती उगवल्या ते मोजायचं. पकडीच्या ताणानंतर ही ताकद घटलेली दिसली. नेदरलँड्समध्ये रेड नॉट या किनारी पक्ष्यावर झालेल्या २००८ च्या अभ्यासात आणखी एक बारकावा पुढे आला. प्रतिकारशक्तीची ही मापं संप्रेरकाच्या मानाने सावकाश बदलतात. संप्रेरकासाठी तीन मिनिटांची मुदत असेल, तर पेशींसाठी थोडी अधिक सवड मिळते.

समुद्रपक्षी या शास्त्राला फार सोयीचे ठरले. हजारोंच्या संख्येने ते बेटांवर, कड्यांवर घरटी करतात. अंड्यांवर बसलेला पक्षी सहसा उठत नाही, हात घातला की काही सेकंदांत रक्त मिळतं, आणि घड्याळ लावून मोजता येतं. चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या, जंगलात ही सोय नाही. इथे बांबूच्या रांजीत दडलेला वाघ कधी दिवसच्या दिवस पाठलाग झाल्यावर हाती लागतो, आणि कधी तो पिंजऱ्यात रात्रभर अडकलेला सकाळी सापडतो. म्हणून या जिल्ह्यांतल्या पकडीचा इतिहास पाहणं गरजेचं आहे. जनावर कसं पकडलं जात होतं, यावर त्याच्याविषयी काय कळू शकतं हे ठरत आलं आहे.

चांदा जिल्हा मध्य प्रांतात होता, त्या काळी पकडणं हा पोटाचा धंदा होता. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरच्या १९१६ च्या ग्रंथात पारध्यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. फासेपारध्यांचे फास, हरणांच्या वाटेवर लावायच्या दोऱ्या, तित्तिर आणि लाव्यांची पकड याचं वर्णन त्यात येतं. पक्ष्यांसाठी झाडाच्या चिकापासून केलेला लासाही देशभर वापरात होता. या लोकांना १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मानेच संशयित ठरवलं, आणि तो कलंक कायद्यातून जायला १९५२ उजाडलं. त्यांच्या कौशल्याची नोंद घेणाऱ्या सरकारनेच त्यांना पोलीस ठाण्यात हजेरी लावायला भाग पाडलं, हा अन्याय विसरू नये.

त्या कौशल्यात शरीराचं खरं ज्ञान होतं. पकडलेला पक्षी जिवंत आणि तजेलदार विकला गेला तरच पैसा मिळे. फडफडून, धापा टाकून मेलेल्या पक्ष्याला भाव नव्हता. म्हणून पहिलं काम अंधार करण्याचं असे. फडकं टाकायचं, पिशवीत घालायचं, आवाज करायचा नाही. ससाणे पाळणारे त्यांना चामड्याची टोपी घालत. पक्ष्यांच्या व्यापारात पापण्या दोऱ्याने शिवण्याचीही रीत होती. ती क्रूर होती आणि तिचं समर्थन होऊ शकत नाही. पण पक्ष्याची घाबरगुंडी डोळ्यांतून शिरते, हे निरीक्षण बरोबर होतं. वाघाच्या डोळ्यांवर आज बांधली जाणारी पट्टी त्याच निरीक्षणावर उभी आहे.

दुसरी परंपरा हाक्याची. ब्रिटिश अमदानीत जंगलांचे शूटिंग ब्लॉक पाडलेले असत, परवाने दिले जात, आणि आसपासच्या गोंड, माडिया गावांतली माणसं हाकारे म्हणून नेली जात. ढोल, डबे, आरोळ्या यांनी जनावर मचाणाकडे रेटलं जाई. यात जनावर मरणारच होतं, तेव्हा त्याच्या रक्तात काय उलथापालथ होते याची कोणाला पर्वा असायचं कारण नव्हतं. ताडोबाला १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. महाराष्ट्रातलं ते पहिलं. पण हाका मात्र पुढे वेगळ्या रूपात परत आला. १९७३ पासून नेपाळच्या चितवनमध्ये वाघांना रेडिओ कॉलर लावायला सुरुवात झाली, तेव्हा तिथल्या राणा घराण्याच्या शिकारीतली जुनी पद्धत वापरली गेली. जंगलात पांढऱ्या कापडाच्या दोन लांब भिंती निमुळत्या होत जातील अशा ताणायच्या आणि वाघाला त्यांच्यामधून झाडावर बसलेल्या माणसाकडे आणायचं. त्या माणसाच्या हातात आता रायफलीऐवजी डार्ट गन होती.

डार्ट गन आली न्यूझीलंडच्या कॉलिन मर्डोक यांच्या खटपटीतून, १९५० च्या दशकात. तिने पकडीचं तंत्र पालटलं, आणि एक नवा धोकाही उघड केला. केनियात हंटर हरणांना नव्या ठिकाणी हलवताना काही हरणं पकडीनंतर स्नायू सडून मेली. त्यावरचा शोधनिबंध १९६४ चा. जीव तोडून पळाल्यावर स्नायूंत आम्ल साठतं, स्नायूंच्या पेशी फुटतात, त्यातला मळ मूत्रपिंडात अडकतो, आणि वरून धडधाकट दिसणारं जनावर काही तासांनी किंवा काही दिवसांनी मरतं. आपल्याकडची चितळं यात विशेष नाजूक. पकडलेलं हरीण सोडलं, ते उड्या मारत गेलं आणि टाळ्या पडल्या, एवढ्याने मोहीम यशस्वी ठरत नाही, हे त्या हरणांनी शिकवलं.

महाराष्ट्रात रानपक्ष्यांच्या रक्ताचा सगळ्यात मोठा अध्याय मात्र वाघामुळे लिहिला गेला नाही. तो लिहिला गेला माकडांमुळे. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात माकडं पटापट मरू लागली आणि माणसांनाही तापाने घेरलं. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने, हा विषाणू ओळखला. तो रशियातल्या एका गोचीडजन्य रोगाचा भाऊबंद निघाल्यावर शंका आली की स्थलांतरी पक्षी सायबेरियातून गोचिड्यांसह तो इकडे आणत असतील. त्यातून जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा पक्षी-स्थलांतर प्रकल्प १९५९ च्या सुमारास उभा राहिला. सालिम अली त्याचे सूत्रधार. पायात कडी घालायला आणि रक्त घ्यायला पक्षी धरायचे कोणी, तर बिहारचे मीरशिकार, पिढ्यान्‌पिढ्या पक्षी पकडणारे. भरतपूरला काम केलेले अली हुसेन त्यांतले सर्वांत प्रसिद्ध. ज्यांच्या हातकसबाला बाजाराने जन्म दिला होता, तेच आता विज्ञानाचे हात झाले.

या कामातली एक गोष्ट आज विशेष ध्यानात घ्यावी अशी आहे. एखाद्या पक्ष्याला पूर्वी विषाणूची लागण झाली होती का, हे रक्तातल्या अँटिबॉडीवरून कळतं, आणि अँटिबॉडी तयार व्हायला दिवस, आठवडे लागतात. पाच मिनिटं हातात धरल्याने त्या घटत वाढत नाहीत. म्हणजे पकडीचा ताण सगळी मापं सारखीच बिघडवत नाही. संप्रेरक मिनिटांत बिघडतं, पेशींची मोजणी तासाभरात हलते, अँटिबॉडी टिकून राहते. कोणत्या आकड्यावर किती विसंबायचं, हे न कळता अहवाल वाचला तर चांगला पशुवैद्यकही फसतो.

वाघाच्या बाबतीत गुंता आणखी वाढतो. मांजरकुळातलं जनावर घाबरलं की अॅड्रेनॅलिनच्या पहिल्या झटक्यात त्याच्या रक्तातले लिम्फोसाइट आधी चढतात, साखरही चढते. नंतर कॉर्टिसॉलचा अंमल सुरू झाला की तेच लिम्फोसाइट उतरतात आणि न्यूट्रोफिल, म्हणजे पक्ष्यांतल्या हेटेरोफिलचं काम करणाऱ्या पेशी, वाढतात. एकाच वाघाचं रक्त दहाव्या मिनिटाला आणि दोन तासांनी घेतलं तर दोन वेगळी चित्रं दिसतील. त्यात औषधाची भर. वाघासाठी झायलाझिन आणि केटामिन यांचं मिश्रण भारतात दीर्घकाळ वापरलं गेलं. झायलाझिन इन्शुलिनला आवर घालतं, त्यामुळे साखर वाढते. औषधांच्या अमलात प्लीहा सैलावते, तिच्यात रक्तपेशी साठतात आणि मोजणी खोटी कमी येते. आणि झायलाझिनखाली गुंगलेलं जनावर मोठ्या आवाजाने अचानक जागं होऊ शकतं. कानातला कापूस त्याचसाठी.

चांद्या-गडचिरोलीत याच्या अगदी उलट टोकाची दोन ठिकाणं आहेत. अहेरी तालुक्यातल्या कमलापूरच्या हत्ती कॅम्पात पाळीव हत्ती आहेत, सागवान ओढण्याच्या कामाचा त्यांना वारसा आहे. माहूत रोज अंगाला हात लावतो, पाय तपासतो. अशा हत्तीच्या कानाच्या मागच्या बाजूच्या शिरेतून रक्त घेताना त्याला पाडावं लागत नाही. दुसरं ठिकाण हेमलकसा. १९७३ मध्ये बाबा आमट्यांनी सुरू केलेल्या लोकबिरादरी प्रकल्पात त्यांचे पुत्र प्रकाश आमटे यांना एकदा शिकारीहून परतणारे माडिया भेटले. मारलेल्या माकडिणीला तिचं जिवंत पिल्लू बिलगलेलं होतं. ते त्यांनी मागून घेतलं, आणि तिथून अनाथ प्राण्यांचं गोकुळ उभं राहिलं. बिबटे, अस्वलं, मगरी, साप. लहानपणापासून माणसाच्या स्पर्शात वाढलेल्या अशा जनावरांवरून रानातल्या बिबट्याच्या रक्ताचे आकडे ठरवता येणार नाहीत. पण माडिया मुलांना जनावराकडे मांस म्हणून न पाहता जीव म्हणून पाहायला शिकवणारी ती शाळा होती, आणि तिचं मोल कोणत्याही प्रयोगशाळेपेक्षा कमी नाही.

गेल्या काही वर्षांत चंद्रपूर हा वाघांचा पुरवठा करणारा जिल्हा झाला आहे. इथे वाघ वाढले, जागा अपुरी पडली. मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरी भागातल्या दोन वाघिणी नवेगाव-नागझिऱ्यात सोडल्या गेल्या. २०२४ च्या अखेरीस जमुना आणि झीनत या दोघी ताडोबातून ओडिशातल्या सिमिलिपालला गेल्या. झीनत तिथे रमली नाही. झारखंड ओलांडून ती पश्चिम बंगालमध्ये शिरली आणि २९ डिसेंबर २०२४ ला बांकुडा जिल्ह्यात तिला पुन्हा बेशुद्ध करून पकडावं लागलं. दीड महिन्यात तिची अशी पकड, वाहतूक, पिंजरा, सुटका आणि पुन्हा पकड झाली. त्यातून गेलेल्या जनावराचे आकडे पाहून ते दुबळं आहे की फक्त दमलेलं आहे, हे सांगायला त्याचे मूळ आकडे हाताशी लागतात.

त्याच डिसेंबरात नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या मेले. भोपाळच्या प्रयोगशाळेने कारण दिलं, एच५एन१ बर्ड फ्लू. माणसांशी संघर्ष झाल्यामुळे हे वाघ चंद्रपूरकडून तिथे आणले गेले होते. हा विषाणू कोणत्याही वाघाला मारू शकतो, पकडीशी या मृत्यूंचा संबंध जोडायला आधार नाही. पण पकडलेल्या वाघाच्या प्रतिकारशक्तीची नोंद ठेवणं का गरजेचं आहे, हे या घटनेनंतर कोणाला पटवून द्यावं लागू नये.

पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची गोष्ट याहून आशादायक. गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकने गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होतात, हे लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये सिद्ध केलं. भारतात २००६ मध्ये पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. गडचिरोली वन विभागाने गिधाडांना औषधमुक्त मांस मिळावं म्हणून ‘गिधाड उपाहारगृहं’ चालवली, गावकऱ्यांनी मेलेली गुरं तिथे आणून टाकली. मग जानेवारी २०२४ मध्ये हरयाणातल्या पिंजोर केंद्रातून दहा गिधाडं ताडोबातल्या बोटेझरीला आली. त्यांना लगेच सोडलं नाही. कित्येक महिने मोठ्या पिंजऱ्यात ठेवून प्रवासाचा शीण उतरू दिला, इथल्या हवेची सवय होऊ दिली, आणि ऑगस्टमध्ये पाठीवर जीपीएस बांधून सोडलं. त्यांतलं एक थेट तमिळनाडूपर्यंत जाऊन पोचलं. वाट पाहण्याची ही तयारी हा पकडीच्या इतिहासातला मोठा बदल आहे. पारधी, शिकारी, पशुवैद्यक या सगळ्यांना घाई होती. बोटेझरीत जनावराच्या शरीराला स्वतःचा वेळ मिळाला.

आणि आता हात न लावताही पुष्कळ कळू लागलं आहे. ताणाचं संप्रेरक यकृतात मोडतं, आतड्यातून विष्ठेत उतरतं. त्याला साधारण दिवसभर लागतो, म्हणून आज सापडलेली विष्ठा कालच्या वाघाविषयी सांगते, पकडीच्या आधीच्या. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी या पद्धतीने मध्य भारतातल्या कान्हा आणि बांधवगडच्या वाघांवर पर्यटनाचा ताण किती येतो हे तपासलं, आणि त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. पक्ष्यांच्या पिसांतही वाढीच्या काळातलं संप्रेरक जमून राहतं. घरट्याखाली पडलेलं गिधाडाचं पीस उचलायला गिधाडाला घाबरवावं लागत नाही. रक्ताची गरज यामुळे संपत नाही, पण रक्ताचे आकडे कशाशी ताडून पाहायचे हे मिळतं.

यासाठी फार खर्चिक यंत्रं लागत नाहीत. डार्ट कधी लागला, वाघ कधी आडवा पडला, रक्त कितव्या मिनिटाला काढलं, औषध कोणतं आणि किती, त्याआधी पाठलाग किती चालला, पिंजऱ्यात किती तास गेले, या नोंदी पकडीच्या कागदावर असतात. त्या प्रयोगशाळेच्या अहवालाशी जोडून ताडोबा, ब्रह्मपुरी, वडसा, आलापल्ली, भामरागड या सगळ्या विभागांसाठी एकत्र ठेवायला हव्यात आणि अभ्यासकांना खुल्या करायला हव्यात. देशात इतके रानवाघ पकडले गेलेले प्रदेश थोडेच आहेत. हे ज्ञान फायलींत विखुरलेलं राहिलं तर ते दुसऱ्या कोणाला नव्याने मिळवावं लागेल, आणि त्यासाठी आणखी जनावरं पकडावी लागतील.

गावकऱ्यांनाही एक विनंती. वाघाच्या हल्ल्यात माणूस गमावलेल्या गावाचा संताप खरा आहे, आणि भरपाईसाठी कचेऱ्यांच्या खेपा मारणाऱ्या घराचं दुःख कोणत्याही वाघापेक्षा आधी पाहिलं पाहिजे. पण जवळच्या नाल्यात वाघ बेशुद्ध पडला आहे असं कळलं, तर त्या दिवशी तिथे जमू नका, मोबाइल उंच धरून पुढे रेटू नका, आरोळ्या ठोकू नका. पट्टीने वाघाचे डोळे झाकलेले असतात, कान मात्र चालू असतात. पथकाला अर्धा तास शांतता द्या, त्यात माणसांचीही सुरक्षितता आहे.